‘स्ट्रीम’ला मराठीत काय म्हणायचं?

पाठ्यपुस्तकात ‘स्ट्रीम’ला ‘प्रवाह’ म्हणतात. चूक नाही, पण प्रवाह विजेचाही असतो. प्रबंधात तेवढ्यावर भागवणं मला आळशीपणाचं वाटतं. झरा जमिनीतून फुटतो. ओहोळ लहान, सहज ओलांडता येणारा. ओढा त्याहून मोठा, बरेचदा स्वतःचं नाव असलेला. कोकणात वहाळ, पऱ्ह्या.

खरी गडबड ‘नाला’ने होते. विदर्भात नाला म्हणजे नैसर्गिक ओढाच. जलसंधारणातलं ‘नालाबंडिंग’ही त्याच अर्थाने. पुण्यात मात्र नाला म्हटलं की सांडपाणीच आठवतं. कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्याला कुणी ‘नाला’ लिहिलं आणि पुढे इंग्रजीत त्याचं ‘ड्रेन’ झालं, की वाचणाऱ्याला ते झाकता-वळवता येण्याजोगं गटार वाटतं. पाणलोट, पूररेषा डोक्यात येतच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याच्या पुरात माणसं गेली. शब्दामुळे पूर आला असं नाही म्हणत; पण ‘ड्रेन’ची रुंदी ठरवताना कुणी डोंगरावरचा पाऊस मोजत नाही.

त्यामुळे प्रश्नावली छापण्याआधी काठावरच्या चार जणांना विचारा, ते याला काय म्हणतात. उत्तरं वेगवेगळी आली तर तीही नोंदवा, तो डेटाच आहे.