साखर, किण्व आणि एक प्रश्नावली

अमेरिकेतील टेनेसी राज्याचे बालरोगतज्ज्ञ विल्यम क्रुक यांचे ‘द यीस्ट कनेक्शन’ हे पुस्तक १९८३ साली निघाले. थकवा, डोकेदुखी, उदासपणा, पोटफुगी यांच्या मुळाशी ‘कॅन्डिडा अल्बिकन्स’ हे किण्व (यीस्ट) असते, आणि साखर, पाव, आंबवलेले पदार्थ सोडले की ते आटोक्यात येते, असा त्यांचा दावा. पुस्तक जुने झाले, पण त्यातले पथ्य अजून हातोहात फिरते. म्हणून त्याची दखल घ्यावीशी वाटली.

दावा अगदीच निराधार नाही. कॅन्डिडा अनेक निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात राहते. प्रतिजैविकांनी जिवाणू मेले की ते फोफावते. मधुमेहाशी तर त्याचे जुनेच सख्य. रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जननेंद्रियाच्या त्वचेवर किण्वाला आयते अन्न मिळते. गेल्या दशकात आलेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनी याचा सुरेख पुरावा दिला आहे. ही औषधे साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातली साखर उतरते, तरी तिथला बुरशीसंसर्ग मात्र वाढतो!

क्रुक यांची उडी चुकते ती इथून पुढे. ताटातली साखर म्हणजे रक्तातली किंवा लघवीतली साखर नव्हे. निरोगी माणसात ती लहान आतड्यात शोषली जाते आणि इन्शुलिन तिला मर्यादेत ठेवते. जर्मनीत २८ निरोगी व्यक्तींना भरपूर साखर देऊन पाहिले (१९९९). आतड्यातील कॅन्डिडात फारच थोडा फरक पडला. पावातले किण्व तर निराळ्याच जातीचे, आणि भट्टीत मेलेले.

प्रश्नावली हा पुस्तकाचा सर्वांत कच्चा भाग. गोड खावेसे वाटते का? दमट हवेत त्रास वाढतो का? आषाढात कोकणात कोण ‘नाही’ म्हणेल? १९९० साली अमेरिकेत ४२ स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. निस्टॅटिन या बुरशीनाशकाने योनिमार्गाचा त्रास कमी झाला. थकवा, उदासपणा वगैरे मात्र खोट्या औषधानेही तितकेच कमी झाले. शिक्षकांनी ही चाचणी अकरावी-बारावीच्या वर्गात जरूर चर्चेला घ्यावी. तुलनेसाठी दुसरा गट कशाला लागतो, हे इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवता येते.

आमचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. वारंवार खाज येणाऱ्या बाईची रक्तशर्करा आधी तपासली पाहिजे. कित्येकदा मधुमेहाचा पहिला सुगावा तिथेच लागतो. ती पथ्यात सहा महिने घालवते, तेवढा मधुमेह आत वाढत राहतो. उलट, जो आधीच इन्शुलिन घेतो त्याने डॉक्टरांना न विचारता भात-पोळी एकदम तोडली, तर त्याच मात्रेने साखर धोकादायक खाली जाऊ शकते.