चिठ्ठी कोणी लिहायची?

ग्रंथालयातले तालिकापत्र आपल्या परिचयाचे आहे. पुस्तक न उघडता ते कशाविषयी आहे, हे त्यावरून कळते. संकेतस्थळाच्या पानालाही असे पत्र जोडावे, या हेतूने मार्च १९९५ मध्ये ओहायो राज्यातील डब्लिन गावी (आयर्लंडचे डब्लिन नव्हे!) ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. त्यातून घडलेली शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा अशा १५ रकान्यांची ‘डब्लिन कोअर’ पद्धत २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली.

कल्पना चांगली, पण आमचा आक्षेप तिच्या ढिलेपणाला आहे. एकही रकाना सक्तीचा नाही. ‘दिनांक’ म्हणजे लेख लिहिल्याचा की संगणकावर चढवल्याचा? मूळ १५ रकाने याबाबत गप्प आहेत. नंतर पोटरकाने जोडावे लागले. ‘विषया’त एक जण ‘प्रकाश’ लिहितो, दुसरा ‘भौतिकशास्त्र’. आम्ही एका संग्रहात भाषा ‘मराठी’ निवडून आमचाच लेख शोधला, तर तो सापडेना! लिपी देवनागरी पाहून कोणीतरी भाषेच्या रकान्यात ‘हिंदी’चे चिन्ह घातले होते. लेख जागेवर होता, पण मराठी शिक्षकाच्या दृष्टीने नव्हता.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ही चिठ्ठी वाचकाला दिसत नाही. ती यंत्रासाठी असते. म्हणून खोटे लिहिले तरी सहजी उघडे पडत नाही. १९९० च्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी शोधयंत्रे पानामागे दडवलेले ‘कीवर्ड’ वाचत. मग विक्रेत्यांनी त्यात लोकप्रिय शब्द कोंबले, असंबद्धसुद्धा. ग्रंथालयात चिठ्ठी ग्रंथपाल लिहितो, येथे ती माल विकणाराच लिहितो, हा फरक विसरला गेला. शेवटी २००९ मध्ये गूगलने जाहीर केले की निकालांचा क्रम लावताना आपण हे ‘कीवर्ड’ जमेस धरत नाही.

२०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही नवी शब्दावली आणली. पानावर वाचकाला जे दिसते तेच चिठ्ठीत असावे, असा गूगलचा दंडक आहे. हा शहाणपणा उशिरा सुचला. तरीही चिठ्ठी लावली की पान वर चढते, हा समज खोटाच; निकालात पाककृतीचा वेळ वगैरे तपशील दिसू शकतो, एवढेच.

डब्लिन कोअर मात्र विद्यापीठांच्या शोधनिबंध-संग्रहांत अजून नांदते आहे. तेथे चिठ्ठी बहुधा ग्रंथपालाच्या नजरेखालून जाते.