दोन वर्षांची पट्टी

शोधनिबंध लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरला पहिला प्रश्न ठरलेला असतो: जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती? हा आकडा नेमकं काय मोजतो, ते मला गडचिरोलीच्या एका पेपरवर घासून बघायचंय.

डिसेंबर १९९९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला. ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली गेली. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात निव्वळ ६२ टक्के घट दिसली.

आता पट्टी लावू. जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती संदर्भ मिळाले ते मोजायचं आणि त्या लेखांच्या संख्येने भागायचं. आला इम्पॅक्ट फॅक्टर. म्हणजे हा पेपर ‘लॅन्सेट’च्या २००० आणि २००१च्या आकड्यांत धरला गेला. त्यानंतर त्याला कितीही संदर्भ मिळोत, या हिशेबात ते येत नाहीत.

पण पेपरचं खरं काम पुढेच झालं. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११मध्ये भारत सरकारने हे काम देशभरातल्या आशांना दिलं. ४२ दिवसांत सहा-सात वेळा आशाताई बाळाच्या घरी जाते, वजन करते, ताप बघते. ती पेपर लिहीत नाही, त्यामुळे तिचा संदर्भ कुठेच मोजला जात नाही.

विशेष शाखांच्या जर्नल्सचं दुखणं आणखी वेगळं. याच प्रयोगाचं सविस्तर विश्लेषण २००५मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनेटॉलॉजी’च्या पुरवणीत आलं. नवजात बाळांपुरतं हे जर्नल. त्याचा आकडा ‘लॅन्सेट’पुढे किरकोळ. विषय छोटा, लिहिणारे कमी, मग संदर्भही कमीच मिळणार. उलट कर्करोगाच्या ‘सीए’ या जर्नलचा आकडा शेकड्यांत जातो, कारण त्यात दरवर्षी अमेरिकेतल्या कर्करोगाची आकडेवारी येते आणि जो तो पेपरच्या सुरुवातीलाच तिचा दाखला देतो. आता या दोन आकड्यांची तुलना करून काय कळणार?

यूजीन गारफिल्ड यांनी १९५५मध्ये ही कल्पना मांडली. पुढे ती कोणती जर्नल्स निवडायची, हे ठरवायला कामी आली. त्यासाठी ती ठीकच आहे. माणसं तोलायला ती वापरू नका, असं २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने स्पष्ट सांगितलं. विषयागणिक संदर्भ देण्याची सवय लक्षात घेणारं ‘स्निप’सारखं मापही आता आहे.

‘लॅन्सेट’च्या नावामुळे गडचिरोलीचं म्हणणं जगाने लवकर ऐकलं, हे मला मान्य आहे. पण उद्या चंद्रपूरचा एखादा डॉक्टर सिकलसेलवर पाच वर्षं काम करून एखाद्या छोट्या जर्नलमध्ये लिहील. निवड समितीने त्याचा आकडा बघण्याआधी पेपर वाचावा. या आजारावर लिहिणारे किती आहेत, हे विचारावं. आणि त्या पेपरमुळे दवाखान्यात काय बदललं, हेही.