जॉन हाउलंडची बायको कोणाची मुलगी?

'प्राथमिक स्रोत' आणि 'दुय्यम स्रोत' यांच्या व्याख्या आपण सगळ्यांनी पेट-नेटसाठी पाठ केलेल्या असतात. पण एकच कागद एका ओळीपुरता प्राथमिक आणि पुढच्या ओळीपुरता ऐकीव असू शकतो, हे व्याख्येत सापडत नाही. त्यासाठी एखादा कागद घेऊन बसावं लागतं. आजचा कागद माझ्या विषयातला नाही, पण उदाहरण म्हणून इतका चांगला कागद मला विज्ञानातही मिळाला नाही.

1620 साली 'मेफ्लॉवर' जहाज इंग्लंडहून अमेरिकेला गेलं आणि त्यावरच्या लोकांनी प्लिमथ वसाहत उभी केली. त्यात जॉन हाउलंड नावाचा एक तरुण होता. तो जॉन कार्व्हरच्या घरातला नोकर, आणि कार्व्हर म्हणजे वसाहतीचा पहिला गव्हर्नर. हाउलंडला पुढे दहा मुलं झाली, त्यामुळे त्याच्या वंशजांची संख्या प्रचंड आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष त्यांतलेच. या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं, की हाउलंडची बायको एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. 19व्या शतकात प्लिमथच्या बरिअल हिलवर हाउलंडच्या नावाने दगड उभारला गेला, त्यावरही तेच कोरलं होतं. दगडावरून पुस्तकात, पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात.

मग 1855 मध्ये विल्यम ब्रॅडफर्डच्या 'ऑफ प्लिमथ प्लँटेशन' या हस्तलिखिताचा पत्ता लागला. ते बॉस्टनमधून नाहीसं झालं होतं आणि सापडलं लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात. 1856 मध्ये ते छापलं गेलं. त्याला जोडलेल्या प्रवाशांच्या यादीत ब्रॅडफर्डने लिहिलंय, की हाउलंडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं. झालं! पहिला गव्हर्नर एका झटक्यात हजारो लोकांच्या वंशावळीतून गेला.

ही गोष्ट सहसा इथेच थांबवतात : जुना कागद सापडला, सत्य जिंकलं. माझा आक्षेप इथे आहे. कागद जुना आहे म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा, तर घराण्यातली आठवणही जुनीच होती. आणि मोजदाद करायची, तर 1856 मध्ये कार्व्हरच्या बाजूने कितीतरी पुस्तकं आणि एक दगड, टिलीच्या बाजूने एकटा ब्रॅडफर्ड. पण त्या सगळ्या पुस्तकांचा उगम एकाच कौटुंबिक समजुतीत आहे. एकाच ट्यूबमधला नमुना दहा वेळा मोजला म्हणून 'एन' दहा होत नाही, हे आपण प्रयोगशाळेत रोज ऐकतो. संदर्भसूची करताना मात्र विसरतो.

ब्रॅडफर्डचं वजन येतं ते त्याच्या जागेवरून. तो त्याच जहाजावर होता. 1621 मध्ये कार्व्हर वारल्यावर तोच गव्हर्नर झाला. टिली नवरा-बायको पहिल्याच हिवाळ्यात गेले, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलं. यादी त्याने 1650च्या सुमारास लिहिली, म्हणजे तीस वर्षांनी, हा दोष खराच. पण तेव्हा हाउलंड आणि एलिझाबेथ दोघंही जिवंत होते. शिवाय कार्व्हरच्या घरातल्या माणसांची त्याने मोजून नोंद केली आहे, आणि तीत मुलगी नाहीच. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरच्या हेनलो गावच्या चर्चच्या नोंदवहीत 1607 सालचा एलिझाबेथ टिलीचा बाप्तिस्मा आहे. ही नोंद स्वतंत्र आहे, पण ती फक्त मुलगी होती एवढंच सांगते, तिने कोणाशी लग्न केलं ते नाही. हाउलंडच्या मृत्युपत्रात नुसतं 'पत्नी एलिझाबेथ' आहे, म्हणजे या प्रश्नापुरता तो कागद गप्प आहे. 'तीन पुरावे जुळले' असं कुणी लिहिलं तर ते खोटं ठरेल. लग्नाबद्दलचा थेट पुरावा एकच आहे, तो भक्कम आहे, इतकंच.

आता याच यादीची दुसरी बाजू. एडवर्ड टिलीबरोबरच्या दोन मुलांना ब्रॅडफर्ड त्यांचे 'कझिन' म्हणतो. आज कुणीही चुलत-मावस भावंडं असं भाषांतर करून मोकळं होईल. पण 17व्या शतकातल्या इंग्रजीत पुतण्या, भाचा, भाची यांनाही हाच शब्द चाले. मराठीत आणायचं तर आपल्याला पुतण्या की चुलतभाऊ हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवायला ब्रॅडफर्ड पुरत नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या नोंदवह्या चाळाव्या लागतात.

तारखांचंही तसंच. हाउलंड 23 फेब्रुवारीला वारला, पण काही ठिकाणी साल 1672 दिसतं, काही ठिकाणी 1673. हा विरोध नाहीच. 1752 पर्यंत इंग्रजी वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून जाणकार 1672/3 असं लिहितात. भांडण सोडवण्याआधी भांडण आहे का ते बघा!

खरा न सुटलेला विरोध वयाचा आहे. प्लिमथची मृत्यूनोंद त्याला ऐंशीच्या पुढचा म्हणते, म्हणजे 1620 मध्ये तो सत्ताविशीच्या पलीकडे असायला हवा. ब्रॅडफर्ड त्याला जहाजावरचा धडधाकट तरुण म्हणतो आणि नोकरांत धरतो. दोन्ही जमूही शकतं. पण म्हाताऱ्या माणसाचं वय गावाने वाढवून सांगणं आपल्याला नवीन नाही. मृत्यूची तारीख लिहिणाऱ्याला ती प्रत्यक्ष माहीत होती, जन्म मात्र त्याने पाहिलेला नव्हता. एकाच नोंदीतल्या या दोन आकड्यांना सारखे गुण देता येत नाहीत. बरिअल हिलवरच्या आजच्या दगडावर टिलीचं नाव दुरुस्त करून घेतलं आहे. ऐंशी मात्र तसेच आहेत.

आणि ब्रॅडफर्डचं मौन. यादी कुटुंबप्रमुखाच्या नावाने चालते. जॉन टिलीची बायको तिथे फक्त 'त्याची बायको'. तिचं जोन हे नाव हेनलोच्या वहीतून येतं. कार्व्हरच्या घरात एक मोलकरीणही होती. तिचं लग्न झालं आणि वर्षा-दोन वर्षांत ती वारली, एवढं त्याने आठवणीने लिहिलंय. नाव लिहिलेलं नाही, आणि तिच्यासाठी कुठली नोंदवही उघडायची हेही त्यामुळे कळत नाही.