गर्दी कुठे बोलते?

मंडळी, आजचा प्रश्न असा की अमरावती-अकोल्यातल्या उत्स्फूर्त विनोदाला, म्हणजे इम्प्रोव्हला, स्वतःचा फॉरमॅट कुठून मिळेल. सध्या काय होतं? नट येतो, प्रेक्षकांकडे एखादी जागा मागतो. मागचे पोट्टे ‘संडास’ म्हणून ओरडतात आणि पुढची दहा मिनिटं त्यातच जातात. आम्ही दोष पोट्ट्यांना देत नाही. अनोळखी माणसाला एकट्यानं हुशारीचं काही बोलायला लावलं की तो सुटकेची वाट शोधणारच.

कीथ जॉनस्टन यांनी १९७७ साली कॅनडात, कॅलगरीला, ‘थिएटरस्पोर्ट्स’ उभं केलं. कल्पना सुचली ती इंग्लंडातल्या व्यावसायिक कुस्त्यांवरून. नाटकाला गप्प बसणारे लोक तिथे मोकळे ओरडत होते. म्हणून मग दोन संघ, पंच, गुण. आपण गुणफलक तेवढा उचलला. आपली गर्दी मुळात कुठे बोलते, हे काही कुणी पाहिलं नाही.

वऱ्हाडात ती कीर्तनात बोलते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आठवा. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग-उत्तररंग त्यांनी बाजूला ठेवले आणि समोरच्या माणसांनाच कीर्तनात ओढलं. ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, जरूर ऐका. (पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले.) त्यांचा एक सवाल-जवाब प्रसिद्धच आहे. देव किती, तर लोक म्हणतात एक. मग गावात खंडोबा आहे का? आहे. मरीआई? आहे. असे होकार साचत जातात, शेवटी बेरीज विचारली की हशा. इथे कुणा एकाला हुशारी दाखवावी लागत नाही; सगळे एकदम ‘हो’ म्हणतात, आणि सापडतात तेही सगळे एकदम. पुढच्या रांगेतल्या एखाद्या टकल्याला धरून हशा मिळवणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

वऱ्हाडी हेलावर हशा मिळवणं तर आपल्याकडे शक्यच नाही. पुण्यात चालेल बापा, अकोल्यात सगळेच तसं बोलतात! (जाता जाता, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधलं वऱ्हाड लग्नाचं, आणि बोली मराठवाड्याची.)

पण बाबांचा साचा जसाच्या तसा घेतला तर इम्प्रोव्ह उरणार नाही. बेरीज काय येणार हे बाबांना आधीच माहीत असे, त्यांना लोक सुधारायचे होते. नटाला ती माहीत असता कामा नये. म्हणून आम्ही असं सुचवतो. पहिला प्रश्न, लग्नासाठी कर्ज काढावं का? लोक ‘नाही’ म्हणतील. मग मंडप हवा? डीजे हवा? आहेराच्या साड्या? प्रत्येक होकाराला एक पात्र वर चढेल. रंगमंच भरला की नवरीच्या बापानं विचारायचं, पैसे कोण देते? इथून पुढे काहीच ठरलेलं नाही. मध्येच लोक डीजेला ‘नाही’ म्हणाले तर डीजेवाल्यानं खाली उतरायचं, आणि उरलेल्यांनी वरात त्याच्याशिवाय काढायची.

हे करताना सभागृहातले दिवे मात्र चालू ठेवा. शेजारचा ‘हो’ म्हणाला की नाही, ते दिसलं पाहिजे.