‘मनीबॉल’मधून गायब झालेले तिघे

आमच्या धंद्यात, म्हणजे डेटाच्या, ‘मनीबॉल’ (2011) न पाहिलेला माणूस सापडणं अवघड. गोष्ट 2002च्या ओकलंड ॲथलेटिक्सची. पगाराचं बजेट सुमारे चार कोटी डॉलर. समोर न्यूयॉर्क यांकीज, साडेबारा कोटीवाले. सीझन संपला तेव्हा विजय दोघांचेही 103. कसं जमलं? सिनेमाचं उत्तर आहे टाकाऊतून टिकाऊ: जनरल मॅनेजर बिली बीननं इतरांनी मोडीत काढलेले खेळाडू आकडेवारी बघून स्वस्तात उचलले.

सिनेमा मला आवडतो. त्यातला हिशेब मात्र जुळत नाही.

बेसबॉलमध्ये मॅच जिंकली की तो विजय एका पिचरच्या खात्यावर मांडतात. ओकलंडच्या 103पैकी 57 विजय तिघांचे होते: बॅरी झिटो 23, मार्क मल्डर 19, टिम हडसन 15. सर्वोत्तम पिचरला मिळणारं अमेरिकन लीगचं साय यंग अवॉर्ड त्या वर्षी झिटोला मिळालं. सिनेमात हे तिघं जवळपास नाहीतच. सलग विसाव्या विजयाची ती मॅच, जिथे स्कॉट हॅटेबर्ग होमरन मारतो आणि आपण दरवेळी भावुक होतो, तिची सुरुवात हडसननं केली होती. सिनेमाला त्याचं काही पडलेलं नाही.

तिघंही कॉलेजातून आलेले. झिटोचं तर ऐकाच. तीन वर्षांत तीन कॉलेजं: सांता बार्बरा, मग पिअर्स नावाचं दोन वर्षांचं कॉलेज, मग सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. 1998च्या ड्राफ्टमध्ये टेक्सास रेंजर्सनं तिसऱ्या फेरीत निवडलं, तर हा गेलाच नाही. पुढच्या वर्षी ओकलंडनं सगळ्या देशातून नवव्या क्रमांकावर घेतलं, आणि जुलै 2000मध्ये तो मेजर लीगमध्ये उभा होता. त्याचा फास्टबॉल फारसा फास्ट नव्हताच. फलंदाजांना नाचवायचा तो त्याचा मोठ्ठा वाकणारा कर्व्हबॉल.

आता गंमत बघा. सिनेमात कॉलेजचा प्रश्न आहे, आणि चांगला ठसठशीत आहे. फ्लॅशबॅकमध्ये अठरा वर्षांचा बीन स्टॅनफर्ड नाकारून मेट्सचा पैसा घेतो, अपयशी ठरतो, आणि ती सल त्याला जन्मभर पुरते. मग त्याच्याच टीममध्ये कॉलेज करून आलेली, जिंकणारी तीन पोरं होती. त्यांना त्याच्यासमोर उभं करायला काय हरकत होती? बीनच्या चेहऱ्यावरची ती खंत मग ब्रॅड पिटला एकट्याला ओढावी लागली नसती.

हरकत बहुधा अशी, की मग गोष्ट बदलते. मेजर लीगच्या नियमांनुसार नवा खेळाडू साधारण सहा वर्षं त्याच क्लबशी बांधलेला असतो. पहिली तीनेक वर्षं पगार बहुतांशी क्लबच ठरवतो. 2002मध्ये किमान पगार होता दोन लाख डॉलर. (कॅम्पस प्लेसमेंटचा बाँड भरलेल्यांना जास्त समजावायला नको.) हॅटेबर्ग स्वस्त होता, कारण बाजाराला त्याची किंमत कळली नव्हती. झिटोची किंमत सगळ्यांना कळत होती. त्याला बाजारात जायची परवानगीच नव्हती. सिनेमा पहिल्या प्रकारच्या स्वस्ताईवर प्रेमानं रेंगाळतो आणि दुसरी फ्रेमबाहेर ठेवतो, कारण तिथे बीन हुशार दिसण्याआधी मालक दिसतो.

डिसेंबर 2006मध्ये, सहा वर्षं भरल्यावर, झिटोनं खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी सात वर्षांचा करार केला. रक्कम 12.6 कोटी डॉलर, म्हणजे 2002च्या अख्ख्या यांकीजचा पगार. तिथे त्याचे हाल झाले. 2010च्या प्लेऑफ्सच्या संघात तर नावच नव्हतं. ‘मनीबॉल’ थिएटरात लागला तेव्हा तो अजून त्याच करारावर होता. पुढच्याच वर्षी, 2012च्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच त्यानं जिंकून दिली.