एका सावध शब्दाची कारकीर्द

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ समनर याफे (१९२३–२०११) यांना ‘बालऔषधशास्त्राचे जनक’ म्हणण्याची प्रथा आहे. अशी बिरुदे एकदा चिकटली की माणसाचे लेखन कोणी वाचत नाही. माझे शिक्षण ना रसायनशास्त्राचे, ना वैद्यकाचे. तरीही शब्दकोश शेजारी ठेवून मी त्यांचा १९६६चा निबंध वाचायला घेतला आणि शीर्षकापाशीच अडलो.

निबंध एकाच तान्ह्या बाळाविषयी आहे. बाळाची कावीळ ओसरत नव्हती. रक्तातल्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देते, तेव्हा ते पाण्यात विरघळते आणि पित्तावाटे बाहेर पडते. नवजाताचे यकृत या कामात कच्चे असते. (बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची आपली घरगुती रीत याच पिवळेपणासाठी.) द्रव्य फार साचले तर मेंदूला कायमची इजा होते. बफेलोत काम करणाऱ्या याफे आणि सहकाऱ्यांनी या बाळाला फेनोबार्बिटल दिले. आपल्याकडे फिट्स येणाऱ्यांच्या घरात ‘गार्डिनाल’ म्हणून ओळखतात तेच हे औषध. बिलिरुबिन उतरले, जोडणीची क्षमता वाढली.

आता शीर्षक पाहा. ही वाढ विकर चेतवले गेल्यामुळे झाली, असे ते सरळ म्हणत नाही. चेतवणीच्या आधी एक विशेषण येते, त्याचा अर्थ ‘दिसते त्यावरून’. यकृतात विकराचे काय झाले ते कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. मोजलेल्या परिणामांवरून मागे जाऊन काढलेले ते अनुमान होते. एका बाळावरून किती बोलावे याचा हिशेब त्या एका शब्दात आहे. याफे यांचे मोठेपण मला औषध लागू पडण्यापेक्षा या शब्दात अधिक दिसते.

हा सावधपणा आला कुठून, याचा अंदाज सात वर्षे आधीच्या एका घटनेवरून बांधता येतो. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. संसर्ग होऊ नये म्हणून ज्यांना क्लोरॅम्फेनिकॉल दिले, त्यांच्यातच मृत्यू कितीतरी जास्त झाले. बाळे राखाडी पडून जात. कारण तेच कच्चे यकृत: हे औषधही ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड मिळाल्याशिवाय नीट बाहेर पडत नाही. मोठ्यांच्या मात्रेला बाळाच्या वजनाने भागून उत्तर येत नाही, हे तिथे भयंकर किंमत देऊन कळले.

यातून याफे ज्या निष्कर्षाला आले तो आजही अस्वस्थ करतो. मुलांवर चाचण्या नकोत असे म्हणून आपण मुलांना वाचवत नाही. उलट प्रत्येक खाटेवर नोंद नसलेला प्रयोग चालू ठेवतो. हॅरी शर्की यांनी अशा मुलांना ‘औषधोपचारातील अनाथ’ म्हटले होते. याफे यांनी पुढची वर्षे समित्यांत आणि १९८१पासून सरकारी संशोधन संस्थेत घालवली. १९९४मध्ये मुलांच्या औषधांवर संशोधन करणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले. चरित्रपर लेखांत हा भाग फार फुगवलेला असतो, म्हणून इथे आवरतो.

माझी तक्रार त्यांच्या पुस्तकाशी आहे. ब्रिग्ज, फ्रीमन आणि याफे यांचा गर्भारपणातील व स्तनपानातील औषधांचा कोश १९८३ साली निघाला आणि जगभरच्या दवाखान्यांत पोचला. प्रत्येक औषधाखाली उपलब्ध पुराव्याची चर्चा आहे, ती संयमाने लिहिलेली आहे. पण तिच्या डोक्यावर धोक्याचे एक अक्षर असे: ए, बी, सी, डी किंवा एक्स. फेनोबार्बिटलसमोर मी पाहिलेल्या आवृत्तीत ‘डी’ आहे. ‘डी’चा पूर्ण अर्थ असा की गर्भाला धोका असल्याचा पुरावा आहे, पण आईची गरज पाहता औषध देणे योग्य ठरू शकते. अक्षरात यातले पहिले अर्धे वाक्य ऐकू येते. ‘पण’पासून पुढचे गळते. शीर्षकात एक विशेषण जपणाऱ्या माणसाच्या पुस्तकात हे व्हावे! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही अक्षरे माहितीपत्रकांतून काढायला २०१५ साली सुरुवात केली.

माझ्या धाकट्या बहिणीला गार्डिनाल चालू होती. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी असाच एक ग्रंथ उघडून अक्षर वाचून दाखवले आणि गोळी चालू ठेवा म्हणाले. ताईने घरी येऊन गोळी बंद केली, कोणाला न सांगता. पाचव्या दिवशी ओट्याशी फिट आली. बाळ वाचले, तीही वाचली. तिला त्या दिवशी फक्त अक्षर ऐकू आले होते. त्याखालचा मजकूर मी वाचला तो वीस वर्षांनी, या लेखासाठी.